तासाचा दर शेवटी विचारावा

वैमानिक व्हायचे आहे, पण पोटापाण्यासाठी नव्हे, असे सांगितले की उड्डाणशाळेच्या कार्यालयातला माणूस क्षणभर गोंधळतो. आपल्याकडच्या बहुतेक शाळा २०० तासांच्या व्यावसायिक परवान्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांवर चालतात; खासगी परवान्यासाठी लागणारे किमान ४० तास उडून घरी परतणारी माझ्यासारखी सत्तेचाळीस वर्षांची बाई त्यांच्या हिशेबात बसत नाही. विमान एकच मोकळे असेल आणि रांगेत कर्ज काढून आलेला मुलगा उभा असेल, तर ते कोणाला मिळणार हे सांगायला नको, आणि खरे सांगायचे तर ते त्यालाच मिळावे असे मलाही वाटते.

पुण्यात राहून हा छंद पुरवणे अवघड, कारण इथला लोहगावचा विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. हडपसरला विंचच्या तारेने वर खेचलेल्या ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, पूर्वी एकदा बसले होते, त्यावरच ही हौस जडली. इंजिनाचे विमान शिकायचे तर मात्र बारामती, धुळे किंवा थेट गोंदियाजवळचे बिरसी अशी गावे धुंडाळावी लागतात. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, त्या क्लबाचे प्रशिक्षणही आता जुहूऐवजी धुळ्याला चालते.

एका शाळेच्या माहितीपत्रकात पाच विमाने होती. प्रत्यक्ष हँगरमध्ये एकाचे इंजिन उतरवलेले, दुसऱ्याच्या प्रोपेलरला कापड गुंडाळलेले, तिसरे सुट्या भागांसाठी थांबलेले. उडत होती ती दोनच. तिथल्या एका मुलाने न विचारताच आपले लॉगबुक, म्हणजे उड्डाणतासांची नोंदवही, उघडून दाखवले, तर तीन महिन्यांत त्याचे अकरा तास झाले होते. असे रखडणे फार महागात पडते, कारण पंधरा दिवसांच्या खंडानंतर हात विसरलेला असतो आणि मागचेच लँडिंग पुन्हा गिरवण्यात पुढचा तास जातो. अशाने चाळिसाचे साठ तास व्हायला वेळ लागत नाही, आणि मग तासामागे वाचवलेल्या हजार रुपयांना काही अर्थ उरत नाही. म्हणून दर विचारण्याआधी मी आता दोनच प्रश्न विचारते: आज किती विमाने उडाली, आणि मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे सरासरी किती तास झाले? उत्तर देताना माणूस फाइल उघडतो की छताकडे पाहतो, हेही पुष्कळ सांगून जाते.

विमानतळ मोठा असावा, असाही माझा एक गैरसमज होता. उड्डाणाचा वेळ विमान स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून मोजला जातो, त्यामुळे प्रवासी विमानांच्या मागे इंजिन चालू ठेवून थांबलेली मिनिटेही आपल्याच बिलात येतात. लहान मैदानावर हा त्रास नाही. पावसाळ्यातले खाडे आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे हेलकावे मात्र कुठेही गेले तरी सुटत नाहीत.

अॅरिझोनाला जाऊन शिक, तिथे वर्षभर आकाश मोकळे असते, असा सल्ला मावसभावाने दिला. तो खोटा नाही. पण व्हिसा, सुरक्षा तपासणी, रजा आणि परत आल्यावर डीजीसीएकडून, म्हणजे आपल्या नागरी उड्डाण महासंचालनालयाकडून, परवाना बदलून घेण्याचा खटाटोप एवढे सगळे करून मला उडायचे आहे ते इथल्याच आकाशात.

शेवटी मी निवडलेली शाळा घरापासून सर्वांत दूरची आहे. तिथल्या प्रशिक्षकांनी, मी नुसती चौकशीला आलेली असताना, सेसनाच्या पंखाखाली नेऊन टाकीतले थोडे इंधन काचेच्या नळीत काढून दाखवले: निळसर पेट्रोल आणि तळाशी पाण्याचा एवढासा थेंब. "हा दिसेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचे, ताई," एवढेच ते म्हणाले, आणि नळी माझ्या हातात दिली. खासगी परवान्यासाठी लागणारी द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ती पार पडली की दसऱ्यानंतर सुरुवात.