तुम्ही विचारलंत म्हणून: कवितेतला बाप कुठे असतो?

"बाबांची पंचाहत्तरी आहे, त्यांच्यासमोर म्हणता येईल अशी एखादी कविता सांगा ना." कवितावाचनाचा कार्यक्रम संपला की कुणीतरी हे विचारतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: आईवर इतक्या कविता, मग बापावरच का नाहीत?

आहेत. आईचं पारडं जड आहे, हे खरं. यशवंतांची 'आई' शाळेतच पाठ झालेली असते आणि वारकऱ्यांनी तर विठ्ठलालाही माउली केलं. पण बापही आहे. फक्त तो घरात बसलेला सापडत नाही. कमावताना, काहीतरी घेऊन येताना, नाहीतर काहीच आणता आलं नाही म्हणून कासावीस झालेला, असा तो भेटतो.

तुकोबांचा अभंग घ्या: 'बाप करी जोडी लेंकराचे ओढी । आपुली करवंडी वाळवूनी'. लेकराच्या ओढीनं बाप स्वतःचं पोट मारून साठवतो. पोराला खांद्याकडेवर वागवतो आणि एके दिवशी त्याला एकदम मिरासीचा, म्हणजे वतनाचा, धनी करून टाकतो. त्याच्या अंगावर दागिने घालून त्याच्याकडे बघत राहतो. हा बाप भाग्यवान, कारण त्याच्याजवळ द्यायला काही आहे.

ज्याच्याजवळ नाही, त्याचं काय? त्याची कविता कवी 'बीं'नी लिहिली, 'माझी कन्या'. बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. श्रीमंतांच्या मुली भिकारीण म्हणाल्या म्हणून पोर रडतेय आणि बाप तिला विचारतोय:

गाई पाण्यावर काय म्हणुनि आल्या?
का गं गंगायमुनाहि या मिळाल्या?

या ओळी सगळ्यांना येतात. पुढचं मात्र फार थोड्यांना आठवतं, आणि माझ्या मते खरी कविता तिथेच आहे. बाप समजूत घालत राहतो. चिखलात उगवलं म्हणून कमळ भिकारी होतं का? धुळीत पडलं म्हणून रत्न भिकारी होतं का? मग माझ्यामुळे तू कशी भिकारी? 'मजमुळें' हा शब्द वाचताना माझा आवाज दर वेळी अडखळतो. पोरीला झालेला अपमान त्यानं पूर्ण स्वतःच्या अंगावर घेतलाय. एकामागून एक उपमा रचत जाणाऱ्या त्या माणसाच्या हातात शब्दांखेरीज काही नाही.

शेवटी तो म्हणतो, देव गुणी मुलं आमच्यासारख्या करंट्यांना का देतो, हे लांब त्याच्या गावाला जाऊन विचारून येतो. बोलणं मरणाच्या वाटेवर गेलंय. पोरीला त्यातलं काय कळणार? तिनं ऐकलं एवढंच, की बाबा गावाला चाललेत. रडणं पळालं, त्याच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, 'येते मी'.

बाप आपण काय देऊ शकलो नाही याचा हिशेब मांडतोय, आणि मुलीला फक्त त्याच्याबरोबर जायचंय. बापलेकीवरचं याहून खरं काही मी मराठीत वाचलेलं नाही. संदीप खरे यांचा दमलेला बाबाही याच घराण्यातला. उशिरा घरी पोहोचणारा, झोपलेल्या लेकीशी मनातल्या मनात बोलणारा.

मुलगा मोठा झाल्यावर काय होतं, ते दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी कवितेत आहे. तुकोबांना इंग्रजीत नेणारे तेच चित्रे. त्यांच्या कवितेतले वडील मुंबईच्या उशिराच्या लोकलनं, भिजलेल्या कपड्यांत आणि चिखलाचे डाग पडलेल्या रेनकोटात घरी येतात. पाणचट चहा पितात, शिळी पोळी खातात, पुस्तक वाचतात. घुमी मुलं त्यांना ना विनोद सांगत, ना मनातलं काही. 'येते मी' म्हणणारं त्या घरात कुणी नाही.

तरी ही कविता मला निर्दय वाटत नाही. चहा पाणचट होता, पोळी शिळी होती, पुस्तकांनी ठासून भरलेली पिशवी खिळखिळी झाली होती, हे मुलानं इतकं बारीक टिपलंय. घरात तो बोलला नसेल, पण कवितेत त्यानं वडिलांना स्टेशनपासून झोपेपर्यंत एकटं सोडलेलं नाही.