भिंत अजून ओलीच आहे

चिपळूण, ऑगस्ट 2021

रंगारी आज आला आणि परत गेला. 10 सप्टेंबरला गणपती, म्हणून घरात सगळ्यांनाच रंगाची घाई. मी नको म्हटलं. काल रात्री हॉलच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारी कडांना चिकटपट्टी मारली होती. सकाळी पाहिलं तर आतून थेंबच थेंब. बाहेरून हात लावला तर भिंत कोरडी ठणठणीत लागते, आणि पोटात हे एवढं पाणी!

22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. ते उतरलं, पण जांभ्याच्या भिंती ते पिऊन बसल्यात. चिऱ्याला मुळातच भोकं, वर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा. ओल जायची कुठून? त्यात श्रावणातली दमट हवा. दिवसभर पंखा लावला तरी तीच हवा घरात फिरते. खरी उघडीप मिळेल ती ऑक्टोबरात.

आईंना वाटलं होतं मी हट्ट करतेय. मग त्यांनाच 2005 चा पूर आठवला. तेव्हा मामंजींनी लगेच ऑइलपेंट मारून घेतला होता. पावसाळा सरतो न सरतो तोच रंगाला फुगे आले आणि पोपडे धरून खाली आले. मागे पांढरा क्षार फुललेला. "राहू दे गं मग, मखर लावलं की भिंत झाकते," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. एवढं सगळं गेल्यावर निदान सणाला घर नवं दिसावं असं त्यांना वाटणारच.

आईंचं सागवानी कपाट चिखल धुऊन सावलीत वाळवलं, त्याची दारं पुन्हा नीट लागतात. स्वयंपाकघरातलं प्लायवूड मात्र फुगून पापुद्रे सुटले. पंचनाम्याचे फोटो झाल्यावर ते टाकलं. वायरमनने स्विचबोर्ड उघडला तेव्हा आत गाळ गच्च बसलेला, वायरीच दिसेनात. नुसतं वरून पुसून कुणी मेन चालू केला असता तर, या विचारानेच अंगावर काटा आला.

उद्या गवंडी येतोय. पाण्याची रेघ उमटलीय तिथपर्यंतचा गिलावा आतून फोडून चिरा उघडा ठेवायचा. दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा, त्यावर चुनाच. चुन्यातून ओल बाहेर पडते, ऑइलपेंट ती आत कोंडून ठेवतो. गणपती यंदा उघड्या चिऱ्यांसमोरच बसतील.