लंडन ते झुरिच, खिशात भारतीय कार्ड

मुंबईहून लंडन, तिथून रेल्वेने पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन आणि शेवटी झुरिच. हा मार्ग मराठी मंडळींच्या पायाखालचा झालाय. कार्डावरची चिप या सगळ्या वाटेवर एकाच ईएमव्ही या जागतिक मानकाची असते. कार्ड अडतं ते बहुधा भलत्याच कारणाने, आणि ते कारण बऱ्याचदा घरीच राहिलेलं असतं.

1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. परदेशी वापर, ऑनलाइन आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे भरणं) ही बटणं ग्राहकाने स्वतः चालू करायची. ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ चालू केलं म्हणजे झालं असं नाही. त्याच्या पोटात दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप यांची वेगळी बटणं असतात, प्रत्येकाला मर्यादाही वेगळी. टॅपचं बटण राहिलं की लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या फाटकावर लाल दिवा लागतो आणि मागे रांग खोळंबते.

पिन पाठ नसेल तर निघूच नका. नुकताच बदलला असेल तर कार्ड इथल्याच एटीएममध्ये घालून एकदा वापरा. काही कार्डांच्या चिपमध्येही पिनची नोंद असते. ॲपमधून बदललेला पिन बँकेकडे पोचतो, चिपला मात्र तो कार्ड मशीनमध्ये गेल्यावरच कळतो. तीनदा चुकला की कार्ड अडकतं. ओटीपीसाठी भारतीय सिमचं रोमिंग निघण्याआधीच सुरू करा. युरोपातली बरीच संकेतस्थळं आता ओटीपी मागतात, आणि नुसतं तिथलं ई-सिम घेतलं तर रेल्वेचं तिकीट पैसे भरण्याच्या पानावर लटकतं.

लंडनमध्ये काम सोपं. दुकानात टॅप सर्रास चालतं. ट्यूबमध्ये ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर या. फोनमधलं आणि हातातलं कार्ड एकाच खात्याचं असलं तरी यंत्रणेला ती दोन वेगळी दिसतात, मग दोन अर्धवट प्रवासांचे जास्तीचे पैसे लागतात आणि दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादाही हातची जाते. चौघांच्या कुटुंबाला एक कार्ड पुरत नाही, माणशी एक लागतं.

पैसे खरे जातात ते एका पडद्यावर. पॅरिसच्या हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात मशीन विचारतं: युरो की रुपये? रुपयाचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे जातं. तो दर दुकानदाराच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीने लावलेला असतो, आपल्या बँकेने नाही, आणि तो जवळपास नेहमी महाग पडतो. वर अनेक भारतीय बँका परदेशात रुपयात झालेल्या व्यवहारावरही साधारण 1 टक्का शुल्क घेतात. स्थानिक चलनच निवडा. परकी चलनावर 3.5 टक्के शुल्क असलेल्या कार्डावर 10,000 रुपयांच्या खरेदीमागे 350 रुपये आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 63, म्हणजे 413 रुपये जातात. हे दिसतं तरी. रुपयाच्या बटणामागचं दिसत नाही. कॅशियरने न विचारता रुपये दाबले तर सही किंवा पिन देण्याआधीच व्यवहार रद्द करायला सांगा, नंतर वाद घालण्यात अर्थ नाही. एटीएमवरही ‘रूपांतराशिवाय पुढे’ हाच पर्याय घ्या, पण क्रेडिट कार्डाने रोख काढू नका: शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

फ्रान्समध्ये बँकांच्या कार्डांवर चिप 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. माणूस नसलेली तिकीटयंत्रं आणि पेट्रोलपंप पिनवरच भरवसा ठेवतात. पंप आधी शंभर-दीडशे युरो रोखून धरतो, पेट्रोल भरल्यावर खरी रक्कम लागते आणि उरलेली मोकळी व्हायला काही दिवस जाऊ शकतात. मर्यादा तंग असलेलं कार्ड तिथे नकोच. टॅपची मर्यादा 50 युरो. मध्येच मशीन पिन मागू लागलं तर कार्ड बिघडलेलं नाही, आत घाला.

नेदरलँड्समध्ये ट्राम, बस आणि रेल्वे सगळीकडे कार्ड टॅप करून चढता येतं. उतरताना टॅप करायला विसरू नका. दुकानाच्या दारावर ‘पिन ओन्ली’ दिसलं तर ते तिथल्या डेबिट कार्डाबद्दल असतं, क्रेडिट कार्ड घेतीलच असं नाही. जर्मनीत लहान बेकऱ्या आणि हॉटेलं गिरोकार्ड (तिथलं डेबिट कार्ड) किंवा रोख, एवढंच मानतात. पन्नासेक युरो सुटे खिशात असू द्या. झुरिचमध्ये टॅप 80 फ्रँकपर्यंत. तिथल्या लोकांचा पिन सहसा सहा आकडी, म्हणून मशीन चार आकड्यांनंतर थांबल्यासारखं वाटतं. चार टाकून हिरवं बटण दाबा.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांनी वेगळी तयारी ठेवावी. तिथे चिप रुजली ती 2015 नंतर, आणि पिन फारसा मागतच नाहीत. पेट्रोलपंपावरचं मशीन झिप कोड (तिथला पत्त्याचा पिनकोड) मागतं, भारतीय कार्डाला तो नसतो. आत जाऊन कॅशियरकडे आधी पैसे भरा. उपाहारगृहात कार्ड घेऊन जातात आणि टिप नंतर बिलावर लिहून वाढवली जाते, म्हणून बिलाची आपली प्रत ठेवा.

कार्डामागची चुंबकीय पट्टी घासायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. पट्टीवरची माहिती कायम तीच, म्हणून तिची नक्कल होते. चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते. शिवाय चिपमधला पडताळणी आकडा पट्टीवरच्या आकड्याहून वेगळा असतो, त्यामुळे चिपमधून चोरलेल्या माहितीची खोटी पट्टी चालत नाही. चिपच्या कवचाबाहेर उरतो तो कार्डाचा नंबर. परदेशी संकेतस्थळ ओटीपी न मागताही पैसे काढू शकतं, म्हणून ऑनलाइनचं परदेशी बटण तिकिटं काढण्यापुरतं चालू ठेवा.

दुसरं कार्ड वेगळ्या बँकेचं, वेगळ्या नेटवर्कचं (एक व्हिसा तर दुसरं मास्टरकार्ड), आणि ठेवायचं पाकिटात नाही, सामानात. परतल्यावर महिनाभर बिल वाचा. हॉटेलाच्या मिनीबारचे पैसे उशिरा लागतात. अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला लगेच कळवा: रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या.