गुराबांवरची पांढरी साय, आणि बदललेला बेत

टेबलावरच्या युद्धखेळासाठी घडवलेल्या आंग्रेंच्या छोट्या आरमारातल्या चारही गुराबा (लांब नाळेची लढाऊ जहाजं) पुन्हा काळ्याभोर झाल्या. आठांतली सात गलबतंही (वल्ह्यांवरही चालणारी लहान जहाजं). अकरा दिवस गेले, पण जमलं. कसं जमलं ते आजच लिहून ठेवतोय, कारण किनाऱ्यावर राहून मिनी (खेळाच्या छोट्या प्रतिकृती) रंगवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधीतरी येणारच आहे, आणि गणपतीला आता नऊच दिवस उरलेत.

मागच्या नोंदीत आरमार रंगवून तयार होतं. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या पांगाऱ्याच्या तुकड्यांचे हल (बोटींची धडं), खराट्याच्या हिरांच्या डोलकाठ्या, केरसुणीच्या काड्यांची वल्ही, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा पेन्सिलीवर वळवून केलेली शिडं. उरलं होतं फक्त मॅट वार्निश, म्हणजे रंग जपणारा, न चकाकणारा शेवटचा पारदर्शक हात. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पावसाने उसंत घेतली. पडवीत फळीवर बाराही बोटी मांडल्या, वार्निशचा स्प्रे कॅन हलवला आणि दोन पातळ हात मारले. तासाभराने पाहतो तर प्रत्येक हलवर तांदळाची पिठी भुरभुरावी तशी पांढरी साय. शिडं फिक्या रंगाची म्हणून वाचल्यासारखी दिसत होती, पण काळे-तपकिरी हल पार गेले. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "होड्यांका बुरशी इली काय रे?"

बुरशी नव्हे, फ्रॉस्टिंग. पडवीतलं आर्द्रतामापक ९१ टक्के दाखवत होतं. मी ते बघितलं होतं, पण ऊन पडलंय म्हणून विश्वास ठेवला. ही चूक करू नका. श्रावणातलं ऊन बाहेरचं अंगण सुकवतं, पडवीतली हवा सुकवत नाही.

होतं काय, ते नीट समजून घेतल्यावरच उपाय सापडला, म्हणून थोडं सविस्तर. कॅनमधला द्रावक फार झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हल एकदम गार पडतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की गार पृष्ठभागावर ती लगेच दवासारखी धरते. पाण्याचे हे बारीक थेंब वार्निशच्या ओल्या थरात अडकतात, आणि थर सुकला की त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. रंग खाली शाबूत असतो. दुसरी गोष्ट अशी की मॅट वार्निशमध्ये चमक मारण्यासाठी बारीक पूड घातलेली असते आणि ती तळाला बसते. माझा कॅन आठ महिने कपाटात उभा होता. मी तो अर्धा मिनिट हलवला. दोन-तीन मिनिटं हलवायला हवा होता.

आधी केलेले चुकीचे उपाय सांगतो. हेअर ड्रायर फिरवला, फरक शून्य, कारण पाणी कधीच उडालेलं असतं आणि पोकळी ड्रायरने भरत नाही. पहिला हात नीट बसला नसेल म्हणून एका गलबतावर त्याच वार्निशचा आणखी एक हात दिला. ते अजून पांढरं झालं. मग तेलाचा उपाय. बाहेरचे लोक ऑलिव्ह तेल लावतात असं वाचलं होतं, आपल्याकडे खोबरेल. तिसऱ्या क्रमांकाच्या गलबतावर बोटाने एक थेंब चोळला आणि डोळ्यांसमोर ते काळं झालं! त्या क्षणी मी सगळ्या बोटींना तेल लावायला निघालो होतो. रात्रभर थांबलो हे बरं झालं. सकाळी हल चिकट, त्यावर चुलीची राख आणि धूळ बसलेली, आणि वर रंग लावायला गेलो तर ब्रशखालून रंग मागे सरकायला लागला. तेल पोकळी भरतं, पण सुकत नाही. आणि आपल्या लाकडी हलमध्ये ते आत मुरतं, म्हणजे पुसूनही निघत नाही. प्लॅस्टिकच्या मिनीवर एखाद्या वेळी चालेल, लाकडावर बिलकुल नको.

पण तेलाने एक गोष्ट दाखवून दिली. पोकळी पारदर्शक द्रवाने भरली की काळा रंग परत येतो. म्हणजे असा द्रव हवा जो सुकून तिथेच राहील. ग्लॉस, म्हणजे चकाकणारं वार्निश! पाण्यात मिसळणारं, ब्रशने लावायचं. एका गुराबेच्या डाव्या बाजूला पातळ हात दिला, उजवी बाजू तशीच ठेवली. डावीकडे साय विरघळल्यासारखी नाहीशी झाली. दोन बाजू शेजारी शेजारी धरून मी ती गुराब किती वेळ हातात फिरवत बसलो होतो! डोलकाठीच्या बुडाशी आणि तोफांच्या खिडक्यांमध्ये पांढरं थोडं राहिलं, तिथे काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) टोकदार ब्रशने सोडला.

बाकीच्या बोटींनाही तोच हात दिला. आता सगळ्या चकचकीत. टेबलावर उजेड पडला की अशा बोटी खेळण्यातल्या दिसतात, म्हणून मॅट हात पुन्हा द्यायचाच होता. कॅनला हात लावणार नव्हतो. ब्रशचं मॅट वार्निश आणि कोरडी हवा, एवढंच हवं होतं. कोरडी हवा भाद्रपदाच्या तोंडावर आणायची कुठून? माळ्यावर आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या पडल्या होत्या. एक उभी केली, समोर ओव्हरहेड प्रोजेक्टरची जुनी पारदर्शक शीट खिळली, आत ४० वॅटचा पिवळा बल्ब, वर-खाली चार भोकं. तासाभरात आतली आर्द्रता ९० वरून ४८ वर आली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या गुराबेच्या तळाला, नाळेपासून वरामापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, केसाएवढी चीर. पांगारा मऊ आणि सच्छिद्र. पावसाळाभर ओल पिऊन बसलेलं लाकूड एका रात्रीत एवढं कोरडं केलं तर ते आकसणारच, आणि वरचा प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) त्याच्याबरोबर आकसत नाही. चितारआळीतल्या ज्या काकांनी तुकडे दिले त्यांनी बजावलं होतं, लाकूड चुलीच्या वर टांगून महिनाभर सुकव आणि मगच हत्यार लाव. मी दहा दिवसांत उतरवलं होतं. त्यांचं म्हणणं आता नीट कळलं. चीर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने भरली, पॉलिश पेपर मारला, रंग जुळवला. ४० वॅट काढून १५ वॅटचा बल्ब लावला. आता पेटी ५५ ते ५८ च्या दरम्यान राहते, आणि तेवढ्यावर मॅट हात छान बसतो. हात दिल्यावर दोन तास पेटीत, मग शीट थोडी उघडी ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय. दोन बोटी एका वेळी, जास्त नाही.

लाइट गेली की पेटी बंद, एवढा एकच त्रास. परवा सलग पाच तास लाइट नव्हती, तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि फटींना टेप लावला. ६४ च्या वर गेलं नाही.

खरेदीबद्दल दोन शब्द, कारण तिघांनी विचारलंय. आमच्या पंचक्रोशीत या छंदाचं दुकान नाही. असतं तर मी रोज तिथेच दिसलो असतो. स्प्रे कॅन मागवण्याचा नाद मी यापुढे सोडतोय. दाबाखालचा ज्वलनशील माल विमानाने येत नाही, रस्त्याने येतो तो कधी येईल याचा नेम नाही. आणि चाकरमान्यांना सांगतो, कृपा करून कोकण रेल्वेने बॅगेतून कॅन आणू नका. ज्वलनशील माल गाडीत न्यायला बंदी आहे आणि गणपतीच्या गर्दीच्या डब्यात तो खरोखरच धोका आहे. ब्रशने लावायचे प्रायमर आणि वार्निश बहुतेक पाण्यात मिसळणारे असतात, त्यांची ही अडचण नाही. व्हॅलेहो कंपनीचा ब्रशचा प्रायमर मला लाकडावरही चांगला वाटला, मात्र लावल्यावर पूर्ण दिवस हात लावू नका. हलचा बेसकोट साध्या कॅम्लिनच्या ॲक्रिलिकने दिलाय, पाणी घालून तीन पातळ हात. तालुक्याच्या स्टेशनरीत मिळतं, त्यासाठी मुंबईची वाट बघायला नको. ब्रश मात्र मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून मागवतो, मावसभाऊ क्रॉफर्ड मार्केटला जातो तेव्हा.

इंग्रजांची जहाजं प्लॅस्टिकची आहेत, नॉटिंगहॅमच्या वॉरलॉर्ड गेम्सच्या ब्लॅक सीज या खेळातली, म्हणून आपलं सगळं आरमार त्याच १/७०० मापात. त्या खेळाचा काळ १७७० नंतरचा, आपला प्रसंग त्याआधीचा, तेव्हा जाणकारांना शिडांची ठेवण खटकेल. मला चालतं. गुराब आणि गलबत मात्र मला विकत मिळाली नाहीत, आणि खरं सांगतो, ती हाताने घडवण्यात जो आनंद मिळाला तो डबा फोडण्यात नाही. ४२ मिलिमीटरच्या गुराबेच्या लांब नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या त्या दोन मोठ्या तोफा कोरल्या तेव्हा श्वास धरून बसलो होतो.

आता बेताबद्दल. ठरलं होतं विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून येतात, तुळाजी आंग्रेंचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून उभं, एका जहाजाला आग लागते आणि ती सगळ्यांवर पसरते. इतिहास म्हणून हे वाचताना माझ्या पोटात अजून कालवतं. पण टेबलावर आंग्रेंच्या बाजूने बसणाऱ्याला करायला काहीच नाही. त्याच्या बोटी जागच्या हलत नाहीत! पेटीतल्या बोटी सुकेपर्यंत मी पुन्हा सुवर्णदुर्ग वाचत होतो, एप्रिल १७५५. इंग्रजांचा कमोडोर जेम्स ४४ तोफांचं प्रोटेक्टर जहाज घेऊन येतो, आंग्रेंचं आरमार हर्णैच्या पाण्यातून निसटून दक्षिणेला पळतं. वारा मंद. त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतात लिहिलंय की खलाशांनी अडगळ समुद्रात फेकली, होती नव्हती ती सगळी शिडं चढवली, आणि वाऱ्याची झुळूक पकडायला अंगावरचे कपडे आणि डोईची पागोटीसुद्धा सोडून काठ्यांवर ताणली. शेवटी प्रोटेक्टर पाठलाग सोडून परत फिरतं.

हाच खेळ खेळायचा. पाठलाग! टेबलाच्या लांबीने सहा फूट, आंग्रेंना दुसऱ्या टोकाला किमान दोन गुराबा पोचवायच्या. वारा मंद म्हणून गलबतांना वल्ह्यांवर पुढे जाता येईल, आणि गुराबेला ओढून नेता येईल, अर्ध्या वेगाने. पागोट्यांचा नियम हे लिहिता लिहिता सुचला: पाळीच्या सुरुवातीला गुराब पागोटी ताणते असं जाहीर करायचं, फासा टाकायचा, चार किंवा जास्त आले तर दोन इंच जास्त चाल, पण माणसं त्यात गुंतली म्हणून त्या पाळीत तोफा नाहीत. कोणी करून बघितलं तर सांगा, दोन इंच जास्त होतात का ते.

म्हणजे आता पागोटी बनवायची. पानपट्टीवाल्याकडच्या चांदीच्या कागदाने करून बघितलं, फार जाड दिसतं. साडीच्या जरीतून सुटलेले लाल-पिवळे धागे पाण्यात मिसळलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून हिरांच्या मध्ये ताणले, ते मात्र झकास. एका गुराबेवर लावलंय. दोन हात अंतरावरून खरंच कोणीतरी घाईघाईत पागोटं बांधल्यासारखं दिसतं.

तेल मुरलेलं तिसरं गलबत फेकायचं नाही. विजयदुर्ग मी सोडलेला नाही, पुढच्या उन्हाळ्यात तो वेगळ्या नियमांनी करू, तेव्हा जळत्या बोटीची खूण म्हणून ते लागेल.

समुद्राचा प्रश्न एका दुपारी मिटला. लाकडांवर घालायची निळी ताडपत्री घरात होतीच, सहा बाय चारचा तुकडा कापला, उलटी बाजू वर घेतली, किनाऱ्याजवळ पांढरा रंग स्पंजने टिपला. पडवीत दोन बाकांवर दार टाकून त्यावर अंथरली की झालं. पाऊस तिरका आला तर ओटीवर हलवू.

गणपतीच्या पाचव्या दिवशी, दुपारची आरती आणि जेवणं उरकली की साडेतीनला बसायचं. डोंबिवली आणि विरारहून येणारे दोघे आणि कणकवलीचा एक, असे तिघे पक्के. कणकवलीवाला आंग्रेंच्या बाजूला बसणार म्हणून आधीच हटून बसलाय. फासे माझ्याकडे सहाच आहेत, डोंबिवलीकरांनी आपले घेऊन यावेत. आणि मोजपट्टी इंचांची आणा, गेल्या वेळी सगळ्यांकडे सेंटिमीटरचीच निघाली होती.