गोळी, चहा आणि टीएसएच

नौपाड्यातील माझ्या दवाखान्यात आलेल्या, थायरॉईड कमी असलेल्या एका काकूंचा टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) नियमित गोळी घेऊनही 11 वर, म्हणजे हवा त्यापेक्षा वरच, अडकला होता, म्हणून डोस वाढवण्याआधी मी त्यांना सकाळचा क्रम विचारला. पहाटे पाचला डबे करता करता त्या थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या संप्रेरकाची) गोळी दुधाच्या चहासोबत घेत आणि लगेच कॅल्शियमचीही. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्यासोबत, न्याहारीच्या 30 ते 60 मिनिटे आधी घ्यावे लागते; कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान 4 तासांनी घ्यावी, कारण त्यांच्यामुळे औषध आतड्यात नीट शोषले जात नाही. थायरॉईडला वाईट म्हणून कोबी सोडल्याचे काकूंनी अभिमानाने सांगितले. बेताने खाल्लेल्या शिजवलेल्या कोबीला मी तरी दोष देत नाही. सैंधवाऐवजी आयोडीनयुक्त मीठ मात्र घरातील सर्वांसाठी सुचवले. डोस तोच ठेवून 6 आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी सांगितली आहे.