आमची वाटचाल : मातीच्या बंधाऱ्यावर उभा राहिलेला व्यवसाय

मुळशी तालुक्यातील आमच्या शेतावरचा मातीचा बंधारा वडिलांनी बांधला, तो आंबेमोहोराच्या खाचरांना पावसाने ओढ दिली तर पाणी मिळावे आणि मागाहून हरभरा निघावा एवढ्याचसाठी. पुढे पुण्याहून माणसे सुटीच्या दिवशी पाण्यावर येऊ लागली, तंबू, जेवण आणि वल्ह्याच्या होड्या अशी सोय होत गेली आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आल्यावर आम्ही केंद्राची रीतसर नोंदणी केली.

पाहुण्यांना दिसतो तो तलाव. आमचे लक्ष असते भरावावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू होतो, त्यामुळे आमच्यासारख्या ठेंगण्या बंधाऱ्याची देखरेख मालकानेच मनापासून करायची असते. बांधावर सावलीची झाडे लावा, असे पाहुणे आवर्जून सुचवतात, पण आम्ही तेथे हरळीखेरीज काहीही वाढू देत नाही, कारण झाड वाळले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी राहते आणि पाणी नेमकी तीच वाट धरते. घुशी आणि खेकड्यांची बिळे पावसाळ्यापूर्वी उकरून, चिकणमाती थराथराने धुमसून बुजवली जातात, तसेच पाण्याकडच्या उतारावरील पिचिंगचे, म्हणजे दगडी अस्तराचे, लाटांनी निखळलेले दगड पुन्हा बसवले जातात.

भर पावसात पायथ्याशी रोज फेरी असते. तेथे झिरपणारे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरतात. ते नितळ असेल आणि त्याची धार वाढत नसेल तर फारशी चिंता नसते, मात्र ते गढूळ दिसले तर पोटातली माती वाहून चालली आहे असे समजून विमोचक, म्हणजे तलावातले पाणी सोडण्याची झडप, उघडायचा आणि तलाव उतरवायचा, ही आमच्याकडची ठाम शिस्त आहे.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, फळ्या लावून हातभर पाणी जास्त अडवले तर होड्या उन्हाळ्यात आणखी काही आठवडे चालतील, हा हिशेब आम्हालाही कळतो. तरीही सांडवा आम्ही मोकळाच ठेवतो, कारण माथ्यावरून पाणी गेले की मातीचा बांध टिकत नाही आणि आमच्या बंधाऱ्याखाली ओढ्याकाठी एक वाडी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुराने पुण्यात काय झाले, हे पुणे जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. होड्यांचा हंगाम त्यामुळे लवकर संपतो, आणि उघड्या पडलेल्या तळातला गाळ आम्ही त्याच दिवसांत काढून खाचरांत पसरतो.