हे रानवांगंच का?

पन्हाळ्याच्या वाटेवर नाहीतर जोतिबाच्या डोंगरावर काटेरी झुडूप दिसतं, फुलं जांभळी, फळं गोटीएवढी. लगेच मला फोटो येतो: 'हेच रानवांगं ना? आपलं वांगं यातूनच आलं का?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बहुतेक वेळा नाही.

फोटोत काटे ठळक दिसतात आणि माझा सगळ्यात कमी भरवसा काट्यांवरच. एकाच जातीचं एक झाड काट्यांनी भरलेलं, तर शेजारचं जवळजवळ बिनकाट्याचं. मी आधी झाडाची ठेवण आणि फळ बघतो. जमिनीला चिकटून पसरलेलं, सरळ पिवळट काट्यांचं, कोवळ्या फळावर हिरव्या-पांढऱ्या रेघा असलेलं झाड म्हणजे भुईरिंगणी. उभं झुडूप आणि पिकल्यावर नारिंगी होणारी बारकी फळं झुपक्यात, तर डोरली. दशमुळात, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा मुळांच्या औषधात, या दोघीही असल्यानं वैद्यांना त्यांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पुरुषभर उंच, पांढऱ्या फुलांचं असेल तर सोलॅनम टॉर्व्हम (हे शास्त्रीय नाव), मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. तमिळ स्वयंपाकघरात त्याच्या फळांना सुंडक्काय म्हणतात. मर रोगाला त्याची मुळं सहसा बधत नाहीत, म्हणून त्याच्या खुंटावर वांग्याचं कलम करतात.

आता वांग्याचा खरा पूर्वज, सोलॅनम इन्सानम. याचा फुलोरा भिंगाखाली बघण्यासारखा असतो. तळाशी एक मोठं फूल, त्याच्या टोपीवर (पाकळ्यांखालच्या हिरव्या भागावर) काटे आणि पुंकेसरांच्या नळीतून बाहेर आलेली लांब कुक्षी, म्हणजे फुलाचा मादी भाग. फळ धरतं ते यालाच. वरची फुलं लहान, आखूड कुक्षीची, टोपी जवळजवळ साफ. ती नुसती नर, परागापुरती, मग गळून जातात. फळ पिकल्यावर पिवळं होतं. आपल्या वांग्याशी याचा संकर सहज होतो आणि त्या संकरालाही बी धरतं.

नावांचा घोळ मात्र जुना आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 साली 'इन्कानम' आणि 1767 साली 'इन्सानम' अशा दोन जाती नोंदवल्या. इन्कानम आफ्रिकेपासून पाकिस्तानापर्यंतची, तरी भारतातल्या कितीतरी नमुन्यांवर तेच नाव पडत राहिलं. 2013 साली सँड्रा नॅप, मारिया व्होरोन्त्सोव्हा आणि हाइमे प्रोहेन्स या संशोधकांनी हा गुंता बराच सोडवला. संकरासाठी बियाणं मागवणाऱ्याला ही बारकाई गरजेची, कारण जुन्या पाकिटावर लिहिलेली जात आत असेलच असं नाही.

उकिरड्यावर आपोआप उगवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या कुणी न राखलेलं वांगंही हळूहळू काटेरी, बारक्या फळांचं दिसू लागतं. त्यात आणि इन्सानममध्ये फोटोवरून फरक करायला मी जात नाही. तेव्हा फोटो काढताना अख्खं झाड, फुलोरा बाजूनं, पिकलेलं फळ आणि पानाची खालची बाजू, एवढं घ्या, आणि जवळपास वस्ती किंवा शेत आहे का तेही लिहा.